दुर्बीण स्वच्छ आली, पण रक्त जातच होतं

प्रति,
राज्यातल्या उपजिल्हा रुग्णालयांत, जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कॅज्युअल्टी सांभाळणारे सर्व डॉक्टर,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन.

डॉक्टर, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अठरा वर्षं रोज सकाळी लोकांचं रक्त काढते, मशीनला लावते, रिपोर्ट छापून देते. दोन वर्षांपूर्वी सात आठवड्यांत माझ्या थोरल्या भावाचं हिमोग्लोबिन तीन वेळा कोसळलं. पहिल्यांदा ७.९, दुसऱ्यांदा ६.२. हे दोन्ही नमुने मी माझ्या हाताने काढले होते. तिसरा आकडा दवाखान्यातल्या मशीनने सांगितला, ४.६. प्रत्येक वेळी पिशव्या चढल्या, आकडा वर आला, आम्ही घरी आलो आणि रक्त पुन्हा जायला लागलं. ते कुठून जातंय हे सात आठवडे कुणाला कळलं नाही. उत्तर मात्र आमच्याच फाइलमध्ये होतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

दादा द्राक्ष बागायतदार. तीन एकर बाग. या सगळ्याच्या सहा वर्षं आधी त्याला स्वादुपिंडाला सूज आली होती, तेव्हा दहा दिवस ॲडमिट होता. त्यानंतर अधूनमधून वरच्या पोटात कळ यायची, पाठीत निघायची. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या नळीत खडे दिसले. पुढे शुगर लागली. जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या. म्हणजे तो जुनाट पॅनक्रियाटायटिसचा रुग्ण होता, आणि तसं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड वहिनीने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं.

ऑक्टोबरात फळछाटणी चालू असताना त्याला काळी संडास झाली. डांबरासारखी, चिकट. दोन दिवसांत तो पांढराफटक पडला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. अन्ननलिका ठीक, जठरात किरकोळ सूज, अल्सर नाही, कुठे रक्त नाही. ॲसिडिटीची औषधं आणि लोहाच्या गोळ्या देऊन तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्या डिस्चार्ज कार्डावर स्वादुपिंड हा शब्दच नाही. कार्ड मी नंतर कितीदा तरी वाचलं. ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर राग नाही. वॉर्डात एका खाटेवर दोन रुग्ण होते आणि ते डॉक्टर आदल्या सकाळपासून उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सोळा दिवसांनी पुन्हा काळी संडास. या वेळी आम्हाला सांगितलं गेलं की लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होतेच. होते, खरं आहे. पण डॉक्टर, लोहाने काळी झालेली संडास घट्ट असते, हिरवट काळपट असते, तिला तसा वास नसतो. पचलेल्या रक्ताची संडास भांड्याला चिकटते, पाणी टाकून हलत नाही, आणि तिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. वहिनीने दोन्ही पाहिल्या होत्या. ती ठामपणे सांगत होती की ही गोळ्यांची नाही. मी घरीच रक्त काढलं आणि लॅबमध्ये जाऊन मशीन लावलं. हिमोग्लोबिन ६.२, युरिया ७८, क्रिएटिनिन ०.९. मूत्रपिंडं ठीक असताना युरिया एवढा चढतो तेव्हा वरच्या आतड्यात पडलेलं रक्त पचून त्यातलं प्रथिन शरीरात शोषलं जात असण्याची शक्यता मोठी असते. लोहाची गोळी युरिया चढवत नाही आणि हिमोग्लोबिनही पाडत नाही. तो कागद घेऊनच आम्ही परत गेलो.

तेव्हा पुन्हा दुर्बीण झाली, पुन्हा स्वच्छ. मोठ्या आतड्याची दुर्बीण झाली, तीही स्वच्छ. सोनोग्राफीत स्वादुपिंडाजवळ एक गोल, काळी पोकळी दिसली. रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ लिहिलं. जुन्या पॅनक्रियाटायटिसमध्ये पाण्याच्या गाठी होतातच, म्हणून ते वाक्य तिथेच राहिलं. त्या पोकळीवर डॉपलर (सोनोग्राफीतच वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) लावला असता, तर आत भोवऱ्यासारखं फिरणारं रक्त दिसलं असतं. हा माझा अंदाज नाही. पुढे पुण्यात त्याच जागेवर डॉपलर लावला तेव्हा ते मी स्क्रीनवर पाहिलं, अर्धं लाल, अर्धं निळं. गाठ समजून कुणी त्यात सुई घातली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

आता तिसरी वेळ. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता, बागेत मण्यांची विरळणी चालू होती. दुपारपासून दादाच्या पोटात कळ चढत होती. संध्याकाळी तो उशी पोटाशी धरून वाकून बसला होता. सातच्या सुमारास मी पोचले. सव्वाआठला कळ अचानक थांबली. तो सरळ बसला, पाणी मागितलं आणि म्हणाला, “आता बरं वाटाय लागलंय बघ, कळ गेली.” आईने देवाला हात जोडले. मलाही हायसं वाटलं. अर्ध्या तासाने तो संडासला गेला आणि आतून पडल्याचा आवाज आला. दार उचकटलं तेव्हा फरशीवर काळं आणि लाल मिसळलेलं रक्त होतं. नाडी हाताला लागत नव्हती.

१०८ आली. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला साडेअकरा वाजले. कॅज्युअल्टीत एक निवासी डॉक्टर होत्या, वयाने लहान, बहुधा दुसऱ्या वर्षाच्या. दोन्ही हातांना जाड सुया लावून झाल्या, रक्त मागवून झालं, आणि मग त्यांनी दोन गोष्टी केल्या ज्या तोवर कुणी केल्या नव्हत्या. त्यांनी वहिनीच्या हातातली पिशवी मागून घेतली आणि सहा वर्षांपूर्वीचं कार्ड काढून वाचलं. मग विचारलं, “काळी संडास होण्याआधी पोटात कळ येते का? आणि रक्त गेल्यावर कळ थांबते का?”

वहिनी म्हणाली, “हो. तिन्ही वेळेला. आधी कळ, मग आराम, मग रक्त.”

तिन्ही वेळेला! वहिनीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि ही सांगण्यासारखी गोष्ट आहे हे तिला कळणार तरी कसं? अठरा वर्षं लॅबमध्ये काढूनही मला कळलं नव्हतं.

त्या डॉक्टरांनी बाहेर जाऊन वरिष्ठांना फोन केला. बोलताना एक शब्द आला, तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हिमोसक्कस पॅनक्रियाटिकस. स्वादुपिंडाच्या नळीतून होणारा रक्तस्राव.

आत काय घडत होतं ते मला नंतर नीट समजावून सांगितलं गेलं, तसंच लिहिते. प्लीहेकडे जाणारी मोठी धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी वळणं घेत जाते. स्वादुपिंडाला वारंवार सूज आली की त्यातले पाचक रस आजूबाजूच्या भागाबरोबर त्या धमनीची भिंतही कुरतडतात. तिथून रक्त पाझरून एक फुगा तयार होतो. त्याला धमनीची खरी भिंत नसते, म्हणून त्याला खोटा फुगा, स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. हा फुगा स्वादुपिंडाच्या नळीत फुटला की रक्त नळीत उतरतं, तिथेच गोठतं, नळी तुंबते. दाब वाढतो, कळ चढते. मग गुठळी पुढे ढकलली जाऊन आतड्यात पडते. दाब उतरतो, कळ थांबते, आणि थोड्या वेळाने रक्त दिसतं. पुन्हा गुठळी बसली की रक्तस्राव आपोआप थांबतो. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली तर सगळं स्वच्छच दिसणार, कारण त्या घटकेला रक्त वाहतच नसतं. शिवाय नेहमीची दुर्बीण समोर बघते. स्वादुपिंडाची नळी ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, बाजूच्या भिंतीत उघडते, ते तोंड तिला नीट दिसत नाही. त्यासाठी ईआरसीपीला, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळीच्या तपासणीला, वापरतात ती बाजूने बघणारी दुर्बीण लागते. आणि ती घालूनही त्या तोंडातून रक्त येताना दिसतं ते साधारण दहातल्या तीन रुग्णांत.

आजार दुर्मिळ आहे हे मान्यच आहे. पचनमार्गातल्या रक्तस्रावाच्या साधारण दीड हजार रुग्णांत एक, असं लिहिलेलं असतं. पण तो नवा नाही. प्लीहेच्या धमनीचा फुगा स्वादुपिंडाच्या नळीत फुटल्याची पहिली नोंद १९३१ सालची आहे, आणि स्वीडनचे सर्जन फिलिप सँडब्लोम यांनी १९७० मध्ये त्याला हे नाव दिलं. नाव मिळूनही पन्नासाहून जास्त वर्षं झाली. ज्यांचं निदान झालं तेवढेच मोजले जातात, असं मला वाटतं. दादा तिसऱ्या वेळी घरीच गेला असता, तर कागदावर अल्सर किंवा दारू लिहिलं गेलं असतं आणि आकडा दीड हजारांत एकच राहिला असता.

दारूचा विषय निघालाच आहे तर बोलते. दादा पूर्वी प्यायचा. पॅनक्रियाटायटिस झाला त्या दिवशी त्याने सोडली, सहा वर्षं थेंब नाही. तरी प्रत्येक केसपेपरची पहिली ओळ दारूचीच होती, आणि ती ओळ वाचली की पुढचा माणूस लिव्हरकडे बघायचा. लिव्हर बिघडलं की अन्ननलिकेत शिरा फुगतात, त्या नाहीत म्हटल्यावर शोध संपायचा. दारूने स्वादुपिंड बिघडतं हे खरं. पण आपल्या देशात जुनाट पॅनक्रियाटायटिसचे कितीतरी रुग्ण कधीच न पिणारे असतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या पाहणीत निम्म्याहून जास्त रुग्णांत ठोस कारणच सापडलं नव्हतं. केरळात तर लहान वयातल्या मुलांच्या स्वादुपिंडात खडे होण्याचा आजार कित्येक दशकांपासून माहीत आहे. दारूची ओळ जरूर लिहा. तिच्या खाली स्वादुपिंडाचीही ओळ लिहा, एवढंच मागते आहे.

त्या रात्रीकडे परत येते. दादाला सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्या दाखवणारं औषध शिरेतून भरून घेतलेला सीटी स्कॅन, लागणार होती. मशीन त्या इमारतीत होतं. पण रात्री ती तपासणी करून वाचणारं कुणी नव्हतं, आणि फुगा सापडला असता तरी तो बंद करणारं कुणी जिल्ह्यात त्या रात्री मिळालं नाही. तीन पिशव्या रक्त चढवून, रक्तदाब जरा धरल्यावर, आम्ही पहाटे दोनला पुण्याला निघालो. सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त. मी अँब्युलन्समध्ये त्याच्या पायाशी बसले होते, दर दहा मिनिटांनी नाडी बघत होते. कराड गेलं, सातारा गेलं, खंबाटकीच्या घाटात त्याला पुन्हा कळ सुरू झाली. आता कळ कमी होऊ नये, अशी प्रार्थना मी तेव्हा केली. भावाचं दुखणं थांबू नये म्हणून प्रार्थना करणं काय असतं, ते शब्दांत सांगता येणार नाही.

पुण्यात सकाळी सीटी अँजिओग्राफी झाली. औषध न टाकता घेतलेल्या चित्रांत स्वादुपिंडाच्या नळीत पांढुरकी गुठळी दिसली. धमनीत औषध भरलेलं असताना घेतलेल्या चित्रांत फुगा दिसला, २.२ सेंटिमीटरचा. सोनोग्राफीतली ‘सिस्ट’ तीच. दुपारी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन तो बंद केला. फक्त जागा बधिर केली होती, दादा जागा होता. फुग्याच्या पलीकडे आणि अलीकडे, दोन्ही बाजूंना, प्लॅटिनमच्या तारेच्या बारीक गुंडाळ्या भरल्या. अलीकडचीच बाजू बंद केली तर दुसऱ्या रक्तवाहिन्यांतून रक्त उलटं फिरून मागच्या दाराने फुग्यात येतं, असं तिथल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. प्लीहेला जठराकडच्या छोट्या वाहिन्यांतून रक्त मिळत राहतं, त्यामुळे ती काढावी लागली नाही. सव्वा तास लागला. सात आठवडे, तीन दुर्बिणी, अकरा पिशव्या रक्त, आणि शेवटी सव्वा तास. काही रुग्णांना यानंतरही पुन्हा रक्तस्राव होतो, काहींना ऑपरेशन करून स्वादुपिंडाचा भाग आणि प्लीहा काढावी लागते, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. दादाला दोन वर्षांत पुन्हा झालं नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी चालू आहे.

डॉक्टर, मी तुम्हाला औषधोपचार शिकवणारी कोण? पण रुग्णाच्या बाजूला बसून जे दिसलं ते सांगते. रक्त जाणारा रुग्ण आला की जुनी फाइल मागा, आम्ही ती घेऊन आलेलो असतो. स्वादुपिंडाचा इतिहास निघाला तर कळ आणि रक्त यांचा क्रम विचारा, आणि शक्यतो घरातल्या बाईला विचारा, कारण रात्री उठून पोट शेकायला तीच असते. दुर्बीण स्वच्छ आली तर ‘आता इथे रक्त नाही’ एवढंच समजा. पुढचा रक्तस्राव होण्याची वाट न बघता सीटी अँजिओग्राफी मागवा, आणि मागणीच्या कागदावर स्वादुपिंडाचा आजार आहे हे लिहा, म्हणजे बघणारा नेमका तिथे बघेल. नुसता साधा सीटी किंवा उशिराने घेतलेली चित्रं पुरत नाहीत, धमनीच्या टप्प्यातली चित्रं लागतात. पॅनक्रियाटायटिसच्या रुग्णात सोनोग्राफीवर गाठ दिसली तर डॉपलर लावल्याशिवाय तिला पाण्याची गाठ म्हणू नका, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. सीटीच्या औषधाचा मूत्रपिंडांना त्रास होईल म्हणून क्रिएटिनिनची चिंता असेल तर तो रिपोर्ट लॅबवाले तासाभरात देतील, आम्हाला झोपेतून उठवा.

आणि शासनाला. नवी इमारत मागत नाही. जिथे सीटी मशीन आहे तिथे रात्री सीटी अँजिओग्राफी करता येईल अशी माणसं आणि औषध भरणारा पंप द्या. चित्रं वाचायला तज्ज्ञ तिथेच बसलेला असायला हवा असंही नाही, ती दुसऱ्या शहरात पाठवून वाचता येतात. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहाही विभागांत धमनीतला रक्तस्राव तारेने बंद करणारे डॉक्टर कुठे आहेत आणि आज रात्री त्यांतलं कोण उपलब्ध आहे, याची यादी प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर आणि १०८ च्या कंट्रोल रूममध्ये लावा. त्या रात्री निवासी डॉक्टरांनी स्वतःच्या मोबाइलवरून, ओळखीच्या सीनियरना विचारत विचारत, चौथ्या फोनला जागा मिळवली. त्या ओळखी नसत्या तर? बाळंतपणातला रक्तस्राव, अपघातात फाटलेली प्लीहा, फुप्फुसातून येणारं रक्त, या सगळ्यांत हेच डॉक्टर आणि हीच तार उपयोगी पडते. म्हणजे ही मागणी दीड हजारांतल्या एकासाठी नाही.

दादाची फाइल माझ्याकडे आहे. तिन्ही वेळचे रक्ताचे रिपोर्ट, ‘सिस्ट’ लिहिलेली सोनोग्राफी, डॉपलर, सीटीची सीडी आणि अँजिओग्राफीची चित्रं, तारखांप्रमाणे लावलेली. कुठल्याही मेडिकल कॉलेजात शिकवायला हवी असेल तर नाव झाकून द्यायला दादाने परवानगी दिली आहे. त्याला स्वतःला यायला सांगितलंत तर तोही येईल, फक्त छाटणीचे दिवस सोडून. वहिनीलाही बोलवा. कळ कधी थांबायची ते तिला मिनिटावर सांगता येतं.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, आणि त्याची बहीण
सांगली जिल्हा